रोहिदास ढवळे यांचे चार राहते पत्ते

चोंबडे आहात तुम्ही. आधी हे सांगून टाकतो, मग गोष्ट सांगतो. दुसऱ्याच्या घरातलं न विचारता तिसऱ्याच्या कानात घालतो, त्याला आमच्याकडे चोंबडा म्हणतात. प्रत्येक गल्लीत असा एखादा असतो. लोक त्याला ओळखून असतात आणि तो आला की विषय बदलतात. तुमच्यापुढे विषय बदलायची सोयच नाही. तुम्हाला काचेची इमारत आहे, संगणक आहेत, आणि माणसाला तीन आकडे चिकटवून त्याची पत विकायचा परवाना आहे. नाव घेत नाही. घेतलं तर म्हणाल बदनामी केली, आणि तो धंदा तर तुमचाच. पण चाकणच्या रोहिदास ढवळेचं तुम्ही काय केलंत, ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला भाकर गोड लागायची नाही.

रोहिदास तसा चाकणचा नाही. गाव औशाकडं, राहायला पिंपरीत संत तुकाराम नगरात, भाड्यानं. पण माणूस जागेपणी जिथं जास्त असतो तिथलाच धरावा असं माझं मत आहे. मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका कंपनीत तो प्रेस शॉपला आहे, आणि तो पर्मनंट आहे. बाहेरच्या माणसाला हा शब्द साधा वाटेल. चाकणात तो साधा नाही. तिथं लाइनवर उभी असलेली बहुतेक पोरं ठेकेदाराची. आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत, परवा गावाकडं. अशा लाइनवर एखादा पर्मनंट असला की तो दुष्काळी वस्तीतल्या विहिरीसारखा असतो. ज्याला त्याला तिथं बादली सोडायची असते.

कारण शोरूमवाला ठेकेदारीतल्या पोराला हप्त्यावर टेबलफॅनसुद्धा देत नाही. पगाराची चिठ्ठी आणा म्हणतो, आणि चिठ्ठी आणली की त्यावरचं ठेकेदाराचं नाव बघून चहा पाजून परत पाठवतो. मग दसरा जवळ आला की पोरं रोहिदासकडं येतात. "दादा, जरा उभं राहता का?" एवढंच म्हणायचं असतं. उभं राहायचं म्हणजे सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून शोरूममध्ये जायचं, कॅमेऱ्यात तोंड दाखवायचं, अंगठा द्यायचा, फोनवर आलेला नंबर सांगायचा. कर्ज रोहिदासच्या नावावर, वस्तू पोराच्या खोलीवर. पगार झाला की पोरं कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर येतात आणि हप्ता रोहिदासच्या हातात ठेवतात. आजवर एकाचाही हप्ता चुकलेला नाही. एकदा एकाला टायफॉइड झाला, तर बाकीच्यांनी वर्गणी काढून त्याच्या फ्रिजचा हप्ता भरला आणि त्या फ्रिजमधलं थंड पाणी त्याला डॉक्टरनं बंद केलं होतं म्हणून ते स्वतः जाऊन पिऊन आले.

शोरूमवालाही यात मुरलेला होता. वस्तू जिथं जाणार तोच राहता पत्ता लिहायचा असा त्याचा शिरस्ता. आणि वस्तू नेणाऱ्याला तो एक वाक्य पाठ करून द्यायचा: कुणी चौकशीला आलं तर सांगायचं, ढवळे इथंच राहतात, ड्युटीवर गेलेत. पोरांनी ते वाक्य शाळेतल्या प्रार्थनेसारखं पाठ केलं होतं.

हे कायद्यात बसतं का, असं तुम्ही विचाराल. विचारा. ठेकेदारीत वर्षानुवर्षं राबवून माणसाला पंखा मिळू न देणं कशात बसतं, तेही एकदा विचारा, मग बोलू.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना रोहिदासची इमारत पाडून नवी बांधायची ठरली. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. मुलगी दिव्या बारावीला. तिचं कॉलेज, तिची शिकवणी सगळं आसपास, त्यामुळे लांब जाऊन चालणार नव्हतं. हिंडून हिंडून भोसरीत एक घर सापडलं. पाणी रोज, बसथांबा जवळ आणि स्वयंपाकघराला खिडकी. रोहिदासच्या बायकोनं, विजयश्रीनं, ओट्यापाशी उभं राहून त्या खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. तरी ती म्हणाली, "हेच घ्यायचं." लग्न झाल्यापासून तिनं बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात फोडण्या दिल्या होत्या. भिंत तर भिंत, पण दिसायला पाहिजे.

घरमालक यशवंतराव. पिढीजात भोसरीचे. जिथं त्यांच्या वडलांनी मेथी काढली तिथं आता चार मजले उभे आहेत, आणि यशवंतराव तळमजल्यावर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या पिकाची राखण करतात.

"बसा. पानी घ्या," यशवंतराव म्हणाले. "मानसं किती?"

"तीन."

"झ्याक. आता इचारतो त्याचा राग मानू नगा. तुमचा आकडा किती?"

"कसला आकडा?"

"त्यो फोनवर येतो त्यो. मानसाचा. आमच्या घरमालकांच्या ग्रुपात ठरलंय, साडेसातशेच्या खाली कुनाला खोली द्यायची न्हाई. मागं एक भाडेकरू पंखा घिऊन गेला."

"त्याचा असंल पंखा."

"पंखा आमचा व्हता. म्हनून तर आकडा."

रोहिदासला हसू आलं. पंख्याचा आणि आकड्याचा संबंध त्याला कळला नाही, पण भीती अजिबात वाटली नाही. त्यानं तिथंच बयाना देऊन टाकला. ज्यानं एक हप्ता चुकवला नाही त्याचा आकडा आठशेच्या वरच असणार. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्यानं दोघातिघांना तसं सांगूनही टाकलं. माणसानं स्वतःच्या चांगुलपणाबद्दल बसमध्ये बोलू नये. बस सगळं ऐकते.

आकडा फुकट दाखवणारी एक साइट दिव्यानं फोनवर काढून दिली. त्यावर खाली बारीक अक्षरांत कसलासा मजकूर होता, बोटानं वर सरकवता सरकवता बोट दुखावं एवढा. त्याच्या शेवटी 'मी सहमत आहे'. कशाला सहमत, हे वाचायला रोहिदास बसला असता तर दिव्याची बारावी होऊन गेली असती. त्यानं बोट टेकवलं. आणि आकडा उघडायच्या आत फोन वाजला.

"सर, आपल्याला कर्ज हवंय का?"

"नको."

"सर, आपला स्कोर जरा कमी आहे, पण कमी स्कोरवाल्यांसाठी आमच्याकडे खास योजना आहे."

म्हणजे रोहिदासचा आकडा रोहिदासच्या आधी एका परक्या बाईला कळला. माणसाला मूल झाल्याची बातमी शेजाऱ्याकडून कळावी, तसं. त्यानं फोन ठेवला आणि बघितलं. सहाशे एकवीस.

आकड्याखाली, फोनवरच्या त्या कागदात, त्याची कुंडली होती. मोबाइल, मोबाइल, फ्रिज, मोबाइल, कूलर, घरघंटी, फ्रिज, मोटारसायकल, पुन्हा फ्रिज. सगळ्यांपुढे 'वेळेवर' लिहिलेलं, एकूण एक. त्याखाली पत्ते. संत तुकाराम नगर, राहता पत्ता. सांगवी, राहता पत्ता. भोसरी एमआयडीसी, राहता पत्ता. चिखली, राहता पत्ता. सांगवीला कंपनीच्या कँटीनमधली कस्तुरा राहते. नवरा वारल्यावर तिनं घरघंटी घेतली, लोकांची दळणं घेते. भोसरीला एकाच चाळीत गणराज आणि लाइनवरची बाकीची पोरं, खोल्याखोल्यांतून त्यांचे फ्रिज, फोन, कूलर. चिखलीला प्रज्वल, त्याची मोटारसायकल. कागद मात्र सांगत होता की रोहिदास नावाचा एक इसम चार घरांत राहतो आणि प्रत्येक घरासाठी नवा फोन घेत सुटतो.

विजयश्रीनं चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. रोहिदासनं घसा खाकरून ठेवला. सांगवीवरून आता काय ऐकावं लागतंय, याची तयारी म्हणून.

"ही घरघंटी कस्तुराबाईची ना? जिचं पीठ आपण आणतोत?"

"हौ."

"मग ते ठीक. हे फ्रिज किती दिसायलेत?"

"तीन."

"म्हंजे अख्ख्या लाइनला बर्फ मिळायलाय," विजयश्री शांतपणे म्हणाली, "आन् आपल्या फ्रिजचं दार मी ओढणीनं बांधायले."

रोहिदासकडे सांगवीवर चार वाक्यं तयार होती, ती वाया गेली.

त्यानं तो कागद यशवंतरावांना पाठवला आणि फोनवर सगळा खुलासाही केला. यशवंतरावांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी सरळ मनानं तो कागद घरमालकांच्या ग्रुपवर टाकला आणि वर आवाज भरून निरोप सोडला: "ह्ये जरा कुनीतरी वाचून सांगा. मानूस बरा वाटतोय." बस. एवढंच केलं त्यांनी. पण त्या ग्रुपात एकाचा मेहुणा चाकणला रोहिदासच्याच कंपनीत कामाला, दुसऱ्याचा भाऊ संत तुकाराम नगरात, तिसऱ्याची बहीण सांगवीत. कागदाला पाय फुटायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "ढवळे, आज कुठं सोडू? सांगवी का चिखली? रूट लांब पडतोय राव."

अख्खी बस हसली. ज्यांचे फोन रोहिदासच्या नावावर होते तेही हसले, फक्त त्यांनी तोंड खिडकीकडं केलं. अपमान गिळताना माणसाचा चेहरा दाढ दुखल्यासारखा होतो, तसा रोहिदासचा चाकणपर्यंत राहिला.

इथवर विनोद होता. पुढचं ऐका. कस्तुराचा दीर त्या कागदाचा फोटो घेऊन तिच्या दारात उभा राहिला. भावाच्या माघारी वहिनीनं घरघंटी घेतली हेच त्याला माहीत नव्हतं. कळू नये अशीच तिनं व्यवस्था ठेवली होती, कारण तिच्याकडचं काहीही कळलं की तो त्यात वाटा मागायचा. "ही तुला कुणी घेऊन दिली, आणि कशाबद्दल?" असं त्यानं दारात, दळणाला आलेल्या बायकांसमोर विचारलं. कस्तुरानं घरघंटी बंद केली नाही. तिच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "माझ्या घामानं घेतली. आणखी जोरात सांगू का? मशीन चालू आहे, ऐकायला कमी आलं असंल." दीर गेला. पण त्या संध्याकाळी दळणाचे डबे कमी आले. बायकांना पीठ पाहिजे असतं, चर्चा नको असते.

आता सल्ले सुरू झाले. हप्त्यावर अजून एखादं कर्ज काढा म्हणजे आकडा वर जाईल, असं एकानं सांगितलं. सगळी कर्जं एकदम फेडून टाका, दुसरा म्हणाला. कशानं फेडू, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. पण खरा सल्ला दिला शेजारच्या नानासाहेबांनी. नानासाहेब पूर्वी जकात नाक्यावर होते. जकात गेली, नानासाहेबांची तपासणी गेली नाही. अजूनही कुणी पिशवी घेऊन जिना चढलं की ते दारातून पिशवीत नजर टाकतात.

"ढवळे, तुम्ही घाबरता कशाला? चूक त्यांची आहे, तक्रार करायची."

"काय म्हणून करू? कर्जं तर माझीच आहेत की."

"कर्जाला हात लावायचा नाही. फक्त पत्त्यांना लावायचा. सांगवी, भोसरी, चिखली, हे तीन राहते पत्ते माझे नाहीत. खोटं आहे का यात?"

"नाही."

"मग झालं. कागदावर जे खरं आहे तेच लिहायचं. हा माझा नाक्यावरचा नियम होता."

नानासाहेबांच्या नाक्यावर काय काय नियम होते ते पिंपरीतल्या जुन्या टेम्पोवाल्यांना विचारा. पण सल्ला ऐकायला बरा होता. रोहिदासनं तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ फोनमध्ये नुसतं संगीत वाजलं. मग मोनिका नावाची मुलगी आली, आवाजात साखर घोळवून.

"सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"बाई, माझे हप्ते सगळे वेळेवर आहेत. मग आकडा एवढा खाली कसा?"

"सर, आपण कर्जासाठी वारंवार विचारणा केल्याचं दिसतंय. सिस्टिम त्याला कर्जाची भूक समजते."

"भूक?"

"हो सर."

"मी जेवूनखाऊन बरा आहे. ती दुसऱ्यांसाठी घेतलेली कर्जं आहेत. मी नुसता उभा राहिलो."

मोनिकानं कळा बडवल्याचा आवाज आला. बहुतेक 'उभा राहिलो' असा रकाना शोधत असावी. "सर, माझ्याकडे दोनच पर्याय आहेत. हे खातं माझं नाही, किंवा रक्कम चुकीची आहे."

"खातं माझं आहे, वस्तू माझी नाही, रक्कम बरोबर आहे."

"असा पर्याय नाही सर. आपण 'खातं माझं नाही' निवडता का?"

ते निवडलं असतं तर सगळी कर्जं फसवणुकीत गेली असती आणि तपासाला माणसं पोरांच्या खोलीवर गेली असती. मोनिकाला ते माहीत होतं की नाही कोण जाणे. रोहिदासला माहीत होतं. "नाही निवडत," तो म्हणाला. "पत्त्यांचं लिहून घ्या. तीन पत्त्यांवर मी राहत नाही."

"लिहिते सर. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

आणि तुम्ही खरंच ती महत्त्वाची मानलीत, हेच वाईट झालं. कारण तुमच्या सांगण्यावरून कर्जवाल्यांनी पडताळणीला माणूस पाठवला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, अंगात घामानं भिजलेला शर्ट. तो आधी सांगवीला गेला.

"रोहिदास ढवळे इथं राहतात का?"

कस्तुरानं त्याला खालून वर बघितलं. तिच्या डोक्यात दोन गोष्टी आल्या. एक, गळ्यात ओळखपत्र आहे, म्हणजे दिराचा माणूस नाही. दोन, दादांनी आपल्यासाठी नाव लावलं, आता दादांवर काही आलं तर आपण मागं सरायचं नाही. आणि शोरूमवाल्यानं पाठ करून दिलेलं वाक्य जिभेवर तयारच होतं.

"हो. इथंच राहतात. ड्युटीवर गेलेत."

माणसानं टॅबवर बरोबरची खूण केली आणि भोसरीला गेला. गणराज रात्रपाळी करून झोपला होता. डोळे चोळत दारात आला.

"ढवळे इथं राहतात?"

"दादा? इथंच राहतात की. ड्युटीवर गेलेत."

चिखलीला प्रज्वलनं तर आणखी मेहनत घेतली. ढवळे इथंच राहतात, ड्युटीवर गेलेत, असं सांगून दोरीवरची स्वतःची पँट दाखवली आणि म्हणाला, "ही त्यांचीच. वाळतेय."

कुणीही रोहिदासला विचारलं नाही, कारण विचारायची गरजच त्यांना वाटली नाही. माणसाच्या उपकाराला जागायची अशी संधी रोज कुठं येते. संध्याकाळी टपरीवर तिघंही त्याला कौतुकानं सांगायला आले. प्रज्वल म्हणाला, "दादा, काळजी करू नका. सगळं व्यवस्थित सांगितलंय." पँटचं सांगितल्यावर रोहिदासनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि बराच वेळ रस्त्यावरून जाणारे कंटेनर बघत बसला.

दोन-तीन दिवसांत तुमचा निरोप आला. तक्रार निकाली काढली आहे. तिन्ही पत्ते प्रत्यक्ष पडताळणीनंतर बरोबर आढळले आहेत. म्हणजे आधी नुसते पत्ते होते, आता शिक्क्यासकट पत्ते झाले. आणि हा नवा कागद रोहिदासनं कुणालाही पाठवला नव्हता, तरी त्या साइटवर दिलेल्या सहमतीच्या जोरावर कुणाकुणाकडं गेला देव जाणे. कंपनीत ड्युटीवर असताना फोन आला: "सर, आपली चार घरं आहेत, घराच्या विम्याचं काही केलंय का?"

यशवंतरावांचाही फोन आला. "ढवळे, ग्रुपात म्हनत्यात तुमची चार घरं पक्की झाली. मंग आमचं पाचवं कशाला पायजे? पाहुनं, आमी साधी मानसं हाय. रविवारी या, बयाना परत न्या."

रोहिदासनं फोन ठेवला. महिनाअखेर जवळ आली होती. जुन्या घरात अर्धं सामान बांधून ठेवलं होतं, दिव्या पोत्यावर वही ठेवून अभ्यास करत होती. विजयश्रीनं भांड्यांच्या पोत्याला गाठ मारली. मग ती म्हणाली, "बयाना आणायला जायलात ना, मी पण येते."

"तू कशाला?"

"मला त्या माणसाला काहीतरी विचारायचंय."

रविवारी दोघं भोसरीला पोचली तर पार्किंगमध्ये कस्तुरा, गणराज आणि प्रज्वल आधीच बसले होते. कस्तुराला बातमी कळली होती आणि तिनं दोघा पोरांना उचलून आणलं होतं. यशवंतरावांनी त्यांना खुर्च्या दिल्या होत्या, पण नजर अशी होती जणू एकाच माणसाची तीन बिऱ्हाडं आपल्या दारी आलीत.

"ही मंडळी म्हनत्यात त्यांना काय सांगायचंय," यशवंतराव म्हणाले. मग त्यांनी प्रज्वलकडं बघितलं. "बोल. ढवळे तुझ्याकडं राहत्यात?"

प्रज्वलनं तोंड उघडलं. "हो, दादा इथंच—" कस्तुराचा कोपर त्याच्या बरगडीत बसला. "म्हणजे नाही. कधीच नाही. पँट माझी होती."

"कसली पँट?" यशवंतरावांनी विचारलं.

"ते राहू द्या," कस्तुरा म्हणाली. "माझ्याकडं पण राहत नाहीत. राहिले असते तर एखादा डबा तरी उचलून दिला असता. आम्हाला कुणी हप्त्यावर देत नाही म्हणून दादा आमच्यासाठी उभे राहिले. हप्ते आम्ही भरतो. आणि राहतात म्हणून आम्हीच सांगितलं, तेही त्यांना न विचारता. आता तुम्ही शिव्या द्यायच्या तर आम्हाला द्या."

यशवंतराव हलले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "मानूस बरा हाय, ह्ये मला पैल्या दिसापास्नं कळतंय," ते रोहिदासला म्हणाले. "पन आकडा सहाशे हाय ना. असं करू, थोडं डिपॉझिट वाढवा. मी ग्रुपाला समजावतो."

इथं दुसरा कुणी असता तर त्यानं हात जोडले असते. घर मिळत होतं. खिडकी मिळत होती. रोहिदासलाही क्षणभर हात जोडावेसे वाटले, खोटं कशाला सांगू. पण त्याला ड्रायव्हर आठवला, कस्तुराच्या दारातला दीर आठवला, आणि आपण इतके दिवस कुणापुढं तरी गुन्हेगारासारखं उभं आहोत हे पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं.

"डिपॉझिटचं नंतर बघू," तो म्हणाला. "यशवंतराव, मी कागद तुम्हाला दिला होता. एकट्या तुम्हाला. तो तुम्ही ग्रुपात का टाकला?"

"वाचता येईना म्हनून."

"मग मला बोलवायचं. मी वाचून दाखवला असता. ह्या बाईच्या दारात माणूस जाऊन उभा राहिला त्या कागदापायी. तिनं तुमच्याकडं खोली मागितली होती का?"

"न्हाई."

"तिचा पत्ता तुमच्या ग्रुपात कसा गेला?"

"सगळीच टाकत्यात ओ," यशवंतराव म्हणाले. पण आवाज खाली गेला होता.

"सगळ्यांचं मला नका सांगू. घर दिलं नाही तरी चालंल, पोत्यावर बसून शिकंल माझी पोरगी. पण ह्याचं उत्तर मला पाहिजे."

विजयश्री उभी होती, ती एक खुर्ची ओढून नवऱ्याशेजारी बसली. "हेच विचारायला मी आले होते," ती म्हणाली. "यांनी विचारलं, बरं झालं. आता आम्ही बसायलोत."

यशवंतरावांच्या पत्नी तानुबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पण कप कुणालाच दिला नाही. "टाकलं तुमीच," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "निस्तरा तुमीच. च्या नंतर."

पार्किंगमध्ये एक स्कूटर आली, लागली, माणूस वर गेला. यशवंतरावांनी फोन काढला. बोट दाबून धरलं आणि फोन तोंडाशी नेला. "मंडळी, यशवंता बोलतोय. ढवळ्यांचा कागद मी हितं टाकला. त्यांना न इचारता टाकला. चुकलं माझं. ज्यानं ज्यानं फुडं धाडला त्यानं पुसा, आन् ज्याला धाडला त्याला पुसायला लावा. खोली मी ढवळ्यांना दिली."

थोड्या वेळानं ग्रुपात एकाचं उत्तर आलं: पण आकडा किती आहे?

यशवंतरावांनी पुन्हा बोट दाबलं. "तुजा किती हाय त्यो आधी टाक."

त्यानंतर ग्रुपात कुणाचाच आकडा आला नाही. चहा मात्र गार झाला होता, तो तानुबाईंनी परत गरम करून आणला.

ढवळे मंडळी आता भोसरीत राहतात, नेहमीच्याच डिपॉझिटवर. विजयश्री खिडकीत उभी राहून भिंत बघते आणि खूश असते. पोरांच्या वस्तूंचे हप्ते चालू आहेत. येत्या दसऱ्याला कुणीतरी नवा विचारायला येईल, आणि रोहिदास उभा राहणार आहे. तुमचा आकडा आणखी खाली गेला तर जाऊ दे, असं त्यानं मला स्वतः सांगितलंय. इस्त्रीचा शर्ट तयार आहे.

पण तुमचं आमचं अजून मिटलेलं नाही. यशवंतरावांची चूक एका ग्रुपापुरती होती, आणि त्यांनी बायकोसमोर, भाडेकरूसमोर, अख्ख्या ग्रुपासमोर ती पदरात घेतली. तुम्ही तोच कागद रोज कुणाकुणाला देता, पैसे घेऊन देता. कस्तुरानं तुमच्याकडून कधी रुपया घेतलेला नाही, तुमच्या कसल्याच मजकुरावर बोट टेकवलेलं नाही, तरी तिच्या दाराचा पत्ता तुमच्या मालात आहे. रोहिदासनं तुम्हाला याबद्दल दोनदा लिहिलं, आणि दोन्ही वेळा उलट निरोप आला की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. ते उत्तर नाही. सिस्टिमनं केलं, हेही उत्तर नाही. सिस्टिमला आईबापांनी नाव ठेवलेलं नसतं. तुमच्यातल्या कुठल्यातरी नाव-आडनाव असलेल्या माणसानं समोर यावं आणि सरळ सांगावं: सांगवीच्या त्या बाईचा पत्ता तुम्ही आजवर कुणाकुणाला विकलात, आणि कुणाला विचारून विकलात?